सोलापुरात एवढी धूळ असताना ढगात आणखी कण कशाला टाकायचे?

माळरान
लई दिवसांपासून डोक्यात घोळायलंय म्हणून धागा काढतो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएमनं (उष्णकटिबंधीय हवामान संस्था) आपल्या सोलापूरच्या आकाशात कायपिक्स नावाचा कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, आठवत असेल. विमान ढगाच्या बुडाखाली जायचं आणि पंखाला लावलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायचं. कारण असं सांगितलं की ढगातलं पाणी धरायला कण लागतो. आता माझा सरळ प्रश्न, कण आपल्याकडं काय कमी आहेत का? होटगी रोडला दुपारी गाडीवर जाऊन या, घरी आल्यावर रुमाल बघा. २०१९ पासून केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं शहर आहे ते धुळीमुळंच. मग वर आणखी कण कशाला? आणि मुळात हे कण येतात कुठून, सगळे रस्त्यावरनंच उडतात का?

कडकभाकरी
आमच्या गल्लीतनं एक पोतं भरून देतो, विमान पाठवा म्हणावं.

अक्कलकोट_रोड
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमचं घर लूमवाल्यांचं, लहानपणापासून तूस बघत आलोय. माग चालू असला की उन्हाच्या तिरपीत जे तरंगताना दिसतं ते रात्री माग बंद झाल्यावर खाली बसतं, सकाळी झाडून काढायचं. पण बॉयलरच्या चिमणीतनं जे निघतं ते कुठं बसलेलं कधी दिसत नाही. ते जातं कुठं हा माझा पण प्रश्न समजा.

नभांगण
मी मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात याच विषयात शिकतेय, त्यामुळं जरा लांबण लावणार, सांभाळून घ्या.

हवेतले कण दोन तऱ्हेनं येतात. एक म्हणजे जे कणाच्या रूपातच हवेत शिरतात: रस्त्याची धूळ, तूस, राख, काजळी, समुद्राच्या फेसातलं मीठ. दुसरे हवेतच जन्मतात, म्हणजे आधी नुसता वायू असतो, डोळ्याला काही दिसत नाही, आणि त्यातनं कण तयार होतो. अक्कलकोट रोडवाल्या दादांचं उत्तर बरंचसं या दुसऱ्या तऱ्हेत आहे. कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. तो चिमणीतनं वायू म्हणूनच बाहेर पडतो. दिवसा उन्हानं ओझोन आणि पाण्याची वाफ यांच्यापासून हायड्रॉक्सिल नावाचा रेणू बनतो, सेकंदभर जेमतेम टिकतो, पण तेवढ्यात समोर येईल त्याला धरतो. सल्फर डायऑक्साइड त्याच्या तावडीत सापडला की पुढं दोन पायऱ्यांत सल्फ्युरिक आम्ल होतं. हे आम्ल वायूरूपात राहायला राजी नसतं, दुसऱ्या रेणूंना चिकटायला बघतं.

प्रमाण किती म्हणाल तर एका घन सेंटिमीटर हवेत सगळे मिळून साधारण २५ वर १८ शून्यं एवढे रेणू असतात आणि त्यात हे आम्लाचे रेणू दुपारी दहा लाख ते एक कोटी. म्हणजे जवळजवळ नाहीच. तरीही एवढ्यावर कण जन्मतात.

बीई_मेकॅनिकल
पटत नाही. पालिकेच्या बोर्डावर पीएम १० चा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या आणि त्याहून बारीक कणांचा, आकडा वाढतो तो वारा सुटला की, रस्ता खोदला की. आम्ल, रेणू हे सगळं पुस्तकात ठीक आहे, सोलापूरची हवा खराब आहे ती मातीनं. काळी जमीन, वर ऊन, पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यात रस्त्याच्या कडेला फूटपाथ नाहीत. सगळ्या चर्चेत मूळ दुखणं बाजूला पडतं.

नभांगण
@बीई_मेकॅनिकल बोर्ड खोटं बोलत नाही, पण तो वजन सांगतो. एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम एवढंच. आता गणित करा: १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक मातीचा कण आणि ०.१ मायक्रॉनचे कण. व्यास शंभरपट, म्हणजे आकारमान शंभरचा घन, दहा लाख पट. घनता सारखी धरली तर मातीचा एक कण तराजूत दहा लाख बारीक कणांच्या बरोबर. त्यामुळं संख्येनं निम्म्याहून कितीतरी जास्त असलेले कण वजनात कुठंच दिसत नाहीत. बोर्डावर आकडा खाली असलेल्या दिवशीही त्यांची संख्या भरपूर असू शकते. आणि ढगाला वजनाशी घेणंदेणं नसतं, त्याला संख्या आणि आकार लागतो.

तुमचं मातीबद्दलचं म्हणणं वजनापुरतं बरोबर आहे, ते मी खोडत नाही.

बीई_मेकॅनिकल
हे गणित मान्य. पण मग माती खाली बसते आणि हे बारीक बसत नाहीत असं का? गुरुत्वाकर्षण दोघांना सारखंच की.

नभांगण
हवेचा अडथळा आहे ना. १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण पाव मीटर खाली येतो. १० मायक्रॉनचा सेकंदाला ३ मिलिमीटर. १ मायक्रॉनचा दिवसाला तीनेक मीटर. ०.१ मायक्रॉनचा दिवसाला काही सेंटिमीटर, म्हणजे वाऱ्याच्या एका झुळकेपुढं काहीच नाही. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हाचे व्हिडिओ बघा, धुळीचा केवढा मोठा लोट उठला आणि त्यातलं जाड ते तिथंच खाली बसलं. ०.१ ते १ मायक्रॉनमधले कण आठवडाभर सहज राहतात, त्यांना खाली आणतो तो पाऊस.

कडकभाकरी
आणि पाऊस आणायला परत कण. म्हणजे सोलापूरकर दोन्हीकडनं अडकला.

शाळेतल्या_बाई
मुलांना हे दाखवता येतं, कोणाला करून बघायचं असेल तर लिहिते. पाण्याची लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, तळाला दोन चमचे कोमट पाणी, झाकण लावून जोरात हलवायची. मग बाटली दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची आणि पटकन सोडायची. आत फारसं काही दिसत नाही, फार तर पुसट काहीतरी. आता झाकण उघडून विझवलेल्या काडीचा धूर बाटलीत ओढून घ्यायचा (बाटली थोडी दाबून सोडली की ओढला जातो), झाकण लावायचं, पुन्हा दाबायचं, सोडायचं. दाब सोडल्या क्षणी आत पांढरं धुकं भरतं. परत दाबलं की गायब, सोडलं की हजर. मागं काळा कागद धरला आणि बाजूनं टॉर्च मारला तर वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत दिसतं. पाणी तेवढंच, हवा तेवढीच, फरक फक्त धुराच्या कणांचा.

१८७५ मध्ये कूलिए नावाच्या फ्रेंच माणसानं काचेच्या फ्लास्कमध्ये हेच केलं आणि त्याला कळलं की आतली हवा बराच वेळ बंद ठेवून शिळी झाली की धुकं होतच नाही. पुढं स्कॉटलंडच्या जॉन एटकिननं कण मोजायचं यंत्रच केलं. हवा प्रसरण पाववायची, प्रत्येक कणावर एक थेंब धरतो, तो थेंब चौकटी आखलेल्या चकचकीत पट्टीवर पडतो, वर भिंग, आणि मोजायचे थेंब. डोळ्याला न दिसणारा कण थेंबाच्या रूपानं मोजला त्यानं! मला हा माणूस फार आवडतो. आजची यंत्रंही पाण्याऐवजी बहुधा ब्यूटेनॉल नावाच्या अल्कोहोलची वाफ वापरून हेच करतात.

माळरान
बाई हे भारी आहे, पोरीच्या शाळेत प्रदर्शनाला हेच देतो.

पण म्हणजे कणाशिवाय ढगच होत नाही? नुसती वाफ वाफेला चिकटत नाही?

शाळेतल्या_बाई
होतं, पण आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट न्यावी लागते. विल्सननं १८९४ मध्ये बेन नेव्हिस डोंगरावरच्या वेधशाळेत ढग बघितले आणि तेच प्रयोगशाळेत करायला घेतलं, तेव्हा त्याला दिसलं की धूळ पूर्ण काढून टाकलेल्या हवेत चौपटीच्या पुढं गेल्यावर कुठं थेंब धरायला लागतात, तेही विद्युतभारित आयनांवर. त्यातनं त्याची मेघपेटी (भारित कणांचा माग धुक्याच्या रेषेनं दाखवणारी पेटी) निघाली आणि १९२७ चं नोबेल. खऱ्या ढगात आर्द्रता शंभराच्या वर एखादा टक्कासुद्धा क्वचित जाते. एवढ्यात भागतं ते कण हजर असतात म्हणूनच.

द्राक्षबाग
पंढरपूर तालुक्यातनं लिहितोय. तुमचं शास्त्र ऐकून घेतो पण आमचा अनुभव वेगळा आहे. विमान फिरलं की ढग पांगतात असं आमच्या भागात सगळे म्हणतात. त्या वर्षी आभाळ भरून आलं, विमानाचा आवाज आला आणि तासाभरात ऊन. हे कसं?

नभांगण
दादा, तुम्ही बघितलं ते खरंच असणार. पण विमान जातं तेच मुळात वाढायला लागलेल्या ढगाकडं, आणि आपल्याकडचे असले बरेच ढग न पेरताही, म्हणजे त्यात कण न सोडताही, तासाभरात विरतात. सह्याद्री ओलांडून आलेला वारा इथं कोरडा होऊन उतरतो, पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. म्हणूनच तर सोलापूर निवडलं. ढग विमानामुळं विरला की तसाच विरला असता, हे एका ढगाकडं बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी त्यांनी काही ढग पेरले, काही मुद्दाम तसेच सोडले आणि रडार, पर्जन्यमापक लावून दोन्हींची तुलना केली. निकाल असा आला की पेरलेल्या जागेच्या वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत.

द्राक्षबाग
१८ टक्के कशाचे पण? २ मिलिमीटरचे १८ टक्के म्हणजे पानंसुद्धा धुवून निघत नाहीत. आणि ज्या साली ढगच नाही त्या साली काय पेरणार. मी विरोधात नाही, पण टँकरच्या पैशाशी तुलना करून कुणीतरी मांडा.

अक्कलकोट_रोड
दादांचं म्हणणं बरोबर आहे, ढग नसताना पेरून उपयोग नाही हे शास्त्रज्ञ पण सांगतात.

बीई_मेकॅनिकल
मूळ मुद्द्यावर येऊ. @नभांगण कण जन्मतो म्हणालात, पण वाफेचं थेंबात रूपांतर एवढं अवघड असेल तर चार-पाच रेणूंचा गठ्ठा टिकतोच कसा? इतक्या वक्र पृष्ठभागावरनं तर रेणू सुटून जायला पाहिजेत.

नभांगण
हाच तर या विषयाचा गाभा आहे, बरं झालं विचारलंत. पृष्ठभाग जितका वक्र तितके रेणू सहज सुटतात, केल्विन परिणाम म्हणतात त्याला. म्हणून बहुतेक गठ्ठे जमतात आणि लगेच मोडतात. साधारण एक-दीड नॅनोमीटरची (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर) हद्द ओलांडली तरच सुटणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त होतात आणि तो वाढायला लागतो. या हद्दीपर्यंत पोचायला कुणीतरी धरून ठेवणारा लागतो. जिनिव्हाजवळ सर्न या भौतिकशास्त्राच्या मोठ्या संशोधन संस्थेत २००९ पासून क्लाउड नावाचा प्रयोग चालू आहे, २६ घनमीटरची पोलादी टाकी, आत इतकी स्वच्छ हवा की कोण काय करतंय ते एकेक वायू सोडून बघता येतं. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की थोडासा अमोनिया असला की सल्फ्युरिक आम्लापासून कण जन्मायचा वेग शंभर ते हजार पट वाढतो. तरी जमिनीजवळ प्रत्यक्ष दिसतो तेवढा होईना. मग २०१३ मध्ये अमाइन (अमोनियाचेच भाऊबंद वायू) बघितले, ते आणखी घट्ट धरतात. त्यानंतर झाडांच्या सुगंधी वाफा. २०१६ मध्ये तर सल्फ्युरिक आम्ल जवळपास नसतानाही नुसत्या या वाफांपासून कण होताना दिसले.

अमोनिया म्हणजे आपल्या गोठ्यातला, युरिया टाकलेल्या उसातला. अमाइनही जनावरांच्या मलमूत्रातनं येतात. म्हणजे चिमणी शहरातली आणि गोठा गावातला, दोघांच्या वायूंची गाठ हवेत पडते.

द्राक्षबाग
म्हणजे शेवटी शेतकऱ्यावरच.

नभांगण
नाही हो दादा, दोष द्यायचा हेतू नव्हता. अमोनिया कायम होता, जंगलातही असतो.

आता जन्मल्यावर पुढचं. एक नॅनोमीटरच्या कणाला ढगाच्या कामाचं व्हायला ५० ते १०० नॅनोमीटर गाठावे लागतात. वाढीचा वेग तासाला एक ते दहा-वीस नॅनोमीटर, म्हणजे दिवस-दीड दिवस लागतो. तेवढ्यात बहुतेक मरतात, कारण इतका बारीक कण सैरावैरा हलतो आणि मोठ्या कणाला धडकून चिकटतो. शिवाय हवा आधीच कणांनी भरलेली असेल तर आम्लाची वाफही त्यांच्यावरच जाऊन बसते. पंगतीत माणसं बसलेली असली की वाढलेलं सगळं त्यांच्या पानात जातं, मागच्यांची पंगत बसत नाही, तसं. म्हणून गंमत अशी की पावसानं हवा धुतल्यावर दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं की सकाळी दहा-अकराच्या सुमाराला नवे कण भराभर जन्मतात. फिनलंडमध्ये हुतियाला नावाच्या जंगलात १९९६ पासून हे रोज मोजतायत. आलेखात वेळ आडवी, आकार उभा घेतला की केळ्याच्या आकाराचा पट्टा दिसतो, सकाळी खाली सुरू होऊन संध्याकाळपर्यंत वर वळत गेलेला. आपल्याकडं पुणे, कानपूर, हिमालयातलं मुक्तेश्वर इथंही असे दिवस नोंदले गेलेत.

कडकभाकरी
पंगत समजली. आता कुणीतरी हुरड्याचा धागा काढा, मला भूक लागली.

अक्कलकोट_रोड
मग मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला तर लई जन्मत असतील?

नभांगण
ऊन मदत करतं, उष्णता घात करते. तापमान वाढलं की गठ्ठ्यातले रेणू लवकर सुटतात. म्हणून वर थंड हवेत हे काम सोपं होतं. मान्सूनचे उंच ढग जमिनीजवळचा अमोनिया दहा-पंधरा किलोमीटरवर नेऊन सोडतात आणि तिथल्या थंडीत तो नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाबरोबर झपाट्यानं कण बनवतो, हे २०२२ मध्ये त्याच सर्नच्या टाकीत दिसलं.

सातरस्ता_दवाखाना
छातीचे पेशंट बघतो म्हणून एक भर घालतो. १० मायक्रॉनचा कण बहुतेक नाकात-घशात अडतो. ०.१ मायक्रॉनच्या खालचे थेट फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात, काही रक्तात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात यांच्यासाठी वजनाचा नाही, संख्येचा आधार घेतला: दिवसभराची सरासरी घन सेंटिमीटरला १,००० च्या खाली असेल तर कमी, १०,००० च्या वर असेल तर जास्त. आपल्याकडं यांचं मानकच नाही, पीएम २.५ आणि पीएम १० वरच सगळं. मास्कबद्दल विचारतात म्हणून सांगतो, एन९५ ला सगळ्यात अवघड जातो तो साधारण ०.०५ ते ०.३ मायक्रॉनमधला. त्याहून बारीक कण सैरावैरा हलत असल्यानं धाग्याला चिकटतात. रुमाल बांधून फार काही होत नाही.

माळरान
सगळ्यांचे आभार, पण पहिला प्रश्न तसाच राहिला की! एवढे कण आहेत, तर आणखी कशाला?

नभांगण
आता त्याचं उत्तर देता येतं. आपल्या ढगाला कण कमी पडत नाहीत, उलट बारीक कण फार होतात. ढगातलं पाणी ठरलेलं असतं. ते जितक्या जास्त कणांवर वाटलं जातं तितका प्रत्येक थेंब लहान. १० मायक्रॉन त्रिज्येचे दहा लाख थेंब एकत्र आले तर १ मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा एक थेंब होतो, आणि एकत्र यायचं तर त्यांनी एकमेकांना धडकायला पाहिजे. सगळे एकसारखे बारीक असले की सगळे एकाच वेगानं तरंगतात, धडकत नाहीत. साधारण १२-१४ मायक्रॉनच्या पुढचे थेंब झाले तरच टकरी सुरू होतात. कॅल्शियम क्लोराइड पाणी अधाशासारखं ओढतं. त्याचे तुलनेनं मोठे कण ढगाच्या बुडातनं आत गेले की आधी तेच पाणी घेतात, बारीक कणांच्या वाट्याला कमी येतं, आणि काही थेंब इतरांपेक्षा मोठे होऊन खाली येताना बाकीच्यांना गोळा करत येतात.

रस्त्याची माती हे करत नाही कारण एक तर जाड ती ढगाच्या बुडापर्यंत फारशी पोचत नाही, आणि जी पोचते तिचा बराच भाग सहज न विरघळणारा.

बीई_मेकॅनिकल
हे नीट समजलं. म्हणजे गंधक कमी केलं तर बारीक कण कमी, आणि पावसालाही बरं?

नभांगण
पहिलं नक्की. बीएस-६ (गाड्यांच्या धुराचा नियम) आल्यावर २०२० मध्ये डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरनं १० भागांवर आलं ते याच कामाचं. दुसरं सरळ नाही. वारा, ओलावा, ढगाची उंची सगळं त्यात येतं, आणि कण फार कमी झाले तरी ढगाचं गणित बदलतं. फक्त गंधक काढलं म्हणून सोलापुरात पाऊस वाढेल असं मी लिहिणार नाही.

द्राक्षबाग
हे प्रामाणिक बोललात. आमच्याकडं उसाचं पाचट पेटवतात त्यानं काय होतं ते पण लिहा.

नभांगण
काजळी आणि राखेचे तयार कण तर लगेच उडतात. शिवाय धुरातल्या सेंद्रिय वाफा पुढं तासन्‌तास ऑक्सिडाइज होत कणांवर बसत राहतात, म्हणजे धूर विरळ दिसायला लागल्यावरही त्यातले कण वाढत असतात. पाचट सरीत कुजवलं तर रानालाच मिळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

अक्कलकोट_रोड
मी गच्चीवर स्वस्तातला सेन्सर लावावा म्हणतो, दोन-तीन हजारात मिळायलेत. त्यात हे बारीक दिसतील का?

सातरस्ता_दवाखाना
नाही. ते लेझरच्या उजेडावर मोजतात, ०.३ मायक्रॉनच्या खालचं त्यांना दिसत नाही. पण पीएम २.५ चा चढउतार कळतो, लावा.

नभांगण
लावाच, पण शेजारी आर्द्रतेचं मीटर ठेवा. पहाटे आर्द्रता ८०-८५ च्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर आकडा वाढवून सांगतो. वेळ, वाऱ्याची दिशा, आसपास काय पेटलंय, बॉयलर चालू की बंद, हे वहीत लिहा. संक्रांतीत गड्ड्याच्या जत्रेला शोभेच्या दारूकामाची रात्र आणि दुसरी सकाळ तर सोडूच नका.

अक्कलकोट_रोड
बॉयलरची वेळ मला घरबसल्या कळते, भोंगा ऐकू येतो. आर्द्रतेचं मीटर कुठं मिळंल?

शाळेतल्या_बाई
नवी पेठेत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडं विचारा. ओल्या आणि कोरड्या फुग्याचं (दोन थर्मामीटरचं) साधं घेतलं तरी चालतं, रोज सकाळी वातीला पाणी घालायचं तेवढं बघा.